यंत्रातील वैयाकरणाची कुळकथा

भाषा शुद्ध लिहावी ही इच्छा प्रत्येक सुशिक्षित मनुष्यास असते; परंतु शुद्ध कशास म्हणावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नांकडे तो सहसा वळत नाही. लहानपणी हा अधिकार गुरुजींकडे असतो, पुढे तो व्याकरणाच्या पुस्तकाकडे जातो, आणि घरोघरी संगणक आल्यापासून तो पुष्कळ अंशी एका अदृश्य तपासनिसाकडे गेला आहे. मुलाने परीक्षेचा निबंध लिहावा, मुलीने नोकरीचा अर्ज लिहावा, की लागलीच एखाद्या शब्दाखाली नागमोडी रेघ उमटते आणि लिहिणाराचा हात थबकतो. तेव्हा व्याकरण तपासणारे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हा प्रश्न आता मध्यम स्थितीतील कुटुंबांतूनही विचारला जातो. आणि त्याचे उत्तर बहुधा किमतीवरून किंवा जाहिरातीवरून दिले जाते. गुरू करावयाचा तर त्याची परंपरा पाहावी, असे आपले पूर्वज सांगत. हा तपासनीस तर रात्रंदिवस आपल्या मुलांच्या खांद्यावरून त्यांच्या लिहिण्यात डोकावतो; त्याची परंपरा पाहण्याची गरज अधिकच आहे. ती परंपरा मुख्यतः इंग्रजी भाषेची व अमेरिकेतील आहे, आणि तिचा इतिहास अवघा साठ-पासष्ट वर्षांचा आहे. तो थोडक्यात सांगून त्यातून निवडीची काही तत्त्वे निघतात काय, हे पाहण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

ह्या कुळातील ज्येष्ठ पुरुष वैयाकरण नव्हे, तर निव्वळ शब्दांचा पहारेकरी होता. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यालयात लेस अर्नेस्ट ह्यांनी हस्ताक्षर ओळखणारे यंत्र सिद्ध करताना त्याच्या मदतीस १०,००० शब्दांची एक यादी दिली. ह्या यादीत नसलेला शब्द यंत्रास संशयास्पद वाटे. पुढे १९७१ साली स्टॅनफर्ड येथे राल्फ गोरिन ह्यांनी केवळ अक्षरचुका शोधण्याकरिता एक स्वतंत्र प्रोग्राम रचला. तो चुकीचा शब्द दाखवूनच थांबत नसे. एक अक्षर अधिक-उणे करून किंवा शेजारची दोन अक्षरे उलटीसुलटी करून जो खरा शब्द निघेल, तोही सुचवी. त्यानंतर बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी सुमारे ३०,००० शब्द ६४ किलोबाइट एवढ्या तोकड्या स्मृतीत बसविण्याची युक्ती काढली आणि १९८२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. आजच्या एका साध्या छायाचित्रासही ह्याहून कितीतरी पट जागा लागते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या युक्तीची थोरवी कळेल.

परंतु पहारेकरी दारातून कोण आत आला एवढेच पाहतो. आत गेलेली माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे त्यास दिसत नाही. ‘मुलगी आला’ असे लिहिले तर ‘मुलगी’ हा शब्द यादीत आहे आणि ‘आला’ हाही आहे. मग यादीच्या दृष्टीने सर्व ठीकच. शब्दांचा परस्परसंबंध पाहणे हे व्याकरणाचे काम, आणि ते यंत्राकडून करवून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न न्यू जर्सी संस्थानातील ह्याच बेल प्रयोगशाळेत झाला.

तेथील लोरिंडा चेरी ह्यांनी १९७८ साली शब्दांची जात ओळखणारा एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यात संपूर्ण शब्दकोश नव्हता. शब्दांची अंत्यरूपे आणि वारंवार येणारे काही मोजके शब्द ह्यांवरून नाम कोणते, क्रियापद कोणते, हे तो अदमासाने ठरवी. त्याच पायावर चेरी ह्यांनी रटगर्स विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यापक विल्यम व्हेस्टरमन ह्यांच्यासह ‘स्टाइल’ व ‘डिक्शन’ हे दोन प्रोग्राम केले. ‘डिक्शन’जवळ पाल्हाळिक किंवा चुकीच्या म्हणून ठरविलेल्या सुमारे ४५० वाक्प्रचारांची यादी असे, त्यांपैकी एखादा सापडला की तो त्या वाक्यावर बोट ठेवी. ‘स्टाइल’ हा वाक्यांची लांबी मोजी, कर्मणी प्रयोगांचे शेकडा प्रमाण सांगे, आणि गद्य किती सुबोध आहे हे चार निरनिराळ्या सूत्रांनी वर्तवी. नीना मॅकडोनल्ड व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या साधनांचा विस्तार करून ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा संच सिद्ध केला आणि १९८२ साली त्याची माहिती विद्वानांपुढे मांडली. कोलोरॅडो येथील विद्यापीठात तर विद्यार्थ्यांस लेखन शिकविण्यासाठी त्याचा उपयोगही होऊ लागला.

आता ह्या आद्य वैयाकरणाची प्रमाणे कोठून आली, ते पाहण्यासारखे आहे. त्या संचातील एक प्रोग्राम लेखकाच्या गद्याची तुलना उत्तम गद्याशी करी. आणि उत्तम म्हणून जो नमुना धरलेला होता, तो बेल प्रयोगशाळेतीलच चांगले म्हणून निवडलेले तांत्रिक टिपण! सुबोधतेच्या सूत्रांची कथा ह्याहूनही बोधप्रद आहे. रुडॉल्फ फ्लेश ह्यांचे सूत्र १९४८ सालचे. १९६७ साली अमेरिकी वायुदलाच्या कामासाठी दुसरे एक निघाले, आणि १९७५ साली पीटर किंकेड व त्यांचे सहकारी ह्यांनी अमेरिकी नौदलाच्या शिक्षणपुस्तिकांकरिता तिसरे बसविले. खलाशास यंत्र उघडण्याची कृती चटकन समजावी, ह्या अगदी रास्त हेतूने हे माप तयार झाले. परंतु एकदा ते संगणकात शिरले, ते मृत्युलेखापासून प्रेमपत्रापर्यंत सर्व लेखनास लागू झाले. ही मापे वाक्यातील शब्द आणि शब्दांतील अक्षरे किंवा उच्चारावयव मोजतात. अर्थ मोजीत नाहीत. ‘ब्रह्म’ हा शब्द केवळ दोन अक्षरांचा आहे. म्हणून तो सुबोध, असे कोणी म्हणेल काय?

प्रयोगशाळेतला हा तपासनीस घरगुती संगणकावर आला तो १९८१ च्या सुमारास. न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथील ॲस्पेन सॉफ्टवेअर ह्या लहानशा संस्थेने ‘ग्रॅमॅटिक’ नावाचा प्रोग्राम टीआरएस-८० ह्या घरगुती संगणकासाठी विक्रीस आणला; त्याचे कर्ते ब्रूस वॉम्प्लर. नाव व्याकरणाचे असले, तरी आरंभी त्याचे काम ‘डिक्शन’सारखेच होते, म्हणजे ठरावीक वाक्प्रचार हुडकणे, विरामचिन्हांच्या ढोबळ चुका दाखविणे. खरे वाक्यविश्लेषण त्यात पुढे क्रमाक्रमाने आले. त्याच्यामागून ‘राइटरायटर’ आदिकरून अनेक प्रतिस्पर्धी निघाले, आणि संगणक विकत घेणारापुढे ‘ह्यांतील कोणता?’ हा प्रश्न पहिल्यानेच उभा राहिला.

त्याच १९८१ साली शिकागो विद्यापीठातील जोसेफ विल्यम्स ह्यांचा भाषेतील चुकांविषयी एक निबंध अध्यापकांच्या एका नियतकालिकात आला. विल्यम्स ह्यांनी दाखविले की, जे ग्रंथकार एखाद्या प्रयोगास निषिद्ध ठरवितात, तेच कधी कधी त्याच पुस्तकात तोच प्रयोग बिनदिक्कत करतात. निबंधाच्या शेवटी त्यांनी सांगून टाकले की, ह्या निबंधातच आपण सुमारे शंभर चुका मुद्दाम पेरल्या आहेत. वाचणारे सगळे व्याकरणाचे शिक्षक. पण बहुतेकांच्या त्या लक्षातही आल्या नव्हत्या! विद्यार्थ्याची वही तपासताना ज्या चुका डोळ्यांत सलतात, त्याच विद्वानाच्या छापील निबंधात दिसत नाहीत. म्हणजे चूक ही पुष्कळदा कागदावर नसून तपासणाराच्या अपेक्षेत असते. यंत्राला मात्र हा भेद ठाऊक नाही. ते वाल्मीकीची वही आणि वाटसरूची वही एकाच लाल शाईने तपासते. ह्यात त्याचा निःपक्षपात आहे, आणि त्याची जडताही आहे.

ह्या यंत्रांच्या नियमांची वंशावळ शोधू गेल्यास ती आपणांस फार मागे नेते. इंग्रजी वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय नसावे, हा नियम नंतरच्या कित्येक तपासनिसांच्या सूचीत होता. त्याचे मूळ कवी ड्रायडन ह्याने १६७२ साली बेन जॉन्सनच्या भाषेवर घेतलेल्या आक्षेपात सापडते. लॅटिनच्या मापाने इंग्रजी मोजण्याचा तो काळ होता. कर्मणी प्रयोग टाळा, हा दुसरा नियम. विल्यम स्ट्रंक ह्यांनी १९१८ साली छापलेल्या आणि १९५९ साली ई. बी. व्हाइट ह्यांनी वाढविलेल्या लहानशा पुस्तकाने तो अमेरिकेच्या शाळाशाळांतून रुजविला. पुढे २००९ साली भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम ह्यांनी दाखवून दिले की, त्या पुस्तकात कर्मणीचे दोष दाखविण्यासाठी दिलेल्या चार उदाहरणांपैकी तीन मुळी कर्मणी नाहीतच. गुरूचीच व्याख्या अशी डळमळीत, मग शिष्ययंत्राचा काय अपराध?

ह्या नियमाकडे मराठी वाचकाने जरा निरखून पाहावे. ‘रामाने रावण मारला’ हा आपल्याकडे कर्मणी प्रयोग आहे, आणि भूतकाळाची गोष्ट सांगण्याची आपली ती सहज, सरळ रीत आहे. इंग्रजीतील कर्मणीचे स्वरूप निराळे, त्याचा उपयोगही निराळा. तो नियम उचलून कोणी मराठी तपासनिसाच्या हाती दिला, तर आपल्या बखरींच्या पानापानांवर रेघाच रेघा उमटतील. एका भाषेचा शिष्टाचार दुसरीत अपराध कसा ठरतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही.

वाक्याचे खरेखुरे पदच्छेद करून चुका शोधण्याचे श्रेय आयबीएम संस्थेच्या न्यूयॉर्क प्रांतातील संशोधनकेंद्रास द्यावे लागेल. जॉर्ज हाइडॉर्न, कॅरन जेन्सन प्रभृतींनी तेथे ‘एपिसल’ नावाची प्रणाली रचली आणि १९८२ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिचे क्षेत्र म्हणजे कचेरीतील पत्रव्यवहार. कर्ता व क्रियापद ह्यांचे वचन जुळते की नाही, सर्वनामाचे रूप योग्य आहे की नाही, हे ती वाक्याची रचना उलगडून पाही. ह्याच मंडळींपैकी काहीजण १९९१ साली मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. दरम्यान १९९२ साली मायक्रोसॉफ्टने हॉटन मिफ्लिन ह्या प्रकाशनसंस्थेकडून ‘करेक्टेक्स्ट’ नावाचा तपासनीस परवान्याने घेऊन आपल्या ‘वर्ड’मध्ये बसविला, तेव्हा प्रतिस्पर्धी वर्डपर्फेक्टने ‘ग्रॅमॅटिक’ची मालक संस्थाच विकत घेतली. १९९५ च्या ‘वर्ड’मध्ये अक्षरचुकांखाली तांबडी रेघ उमटू लागली, आणि १९९७ च्या आवृत्तीत हाइडॉर्न-जेन्सन ह्यांच्या मंडळींनी रचलेला नवा वैयाकरण हिरवी रेघ घेऊन आला.

वरवर पाहता ही ग्राहकांची सोय झाली. वेगळे पैसे देऊन तपासनीस घेण्याचे कारण उरले नाही. परंतु इतिहासदृष्ट्या येथे एक मोठा पालट झाला. पूर्वी लेखक आपला मजकूर पुरा करी, मग आपण होऊन तपासनिसास बोलावी. आता तपासनीस न बोलावता येऊन बसला, आणि वाक्य पुरे होण्यापूर्वीच बोलू लागला. निवडण्याचा प्रश्न जणू निवडीवाचूनच सुटला. ह्या नव्या वैयाकरणाची मर्यादा २००५ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील अध्यापक संदीप कृष्णमूर्ती ह्यांनी उघड केली. त्यांनी वचन, विभक्ती व उपपदे ह्यांच्या ढळढळीत चुकांनी भरलेले परिच्छेद मुद्दाम लिहून तपासनिसापुढे ठेवले, आणि त्याने त्यांतील बहुतेक चुका निमूटपणे सोडून दिल्या. जो निर्दोष कर्मणीवर रेघ ओढतो तोच उघड अशुद्धास मान डोलावतो, हे पाहून पुष्कळांचे डोळे उघडले.

ह्यानंतर मार्ग बदलला. नियम लिहून काढण्याऐवजी लाखो वाक्यांवरून भाषेची चाल शिकावी, ही कल्पना लीड्स येथील एरिक ॲटवेल ह्यांनी १९८७ सालीच मांडली होती. शेजारशेजारच्या शब्दजातींची जोडी दुर्मिळ दिसली की तेथे चूक संभवते, असे त्यांचे तत्त्व. इंटरनेटमुळे वाक्यांचे भांडार अपरंपार झाले आणि ही पद्धती बळावली. २००९ साली युक्रेनच्या तरुणांनी स्थापिलेली ‘ग्रामर्ली’ ही सेवा निघाली. तीत मजकूर आपल्या संगणकावर न तपासता दूरच्या यंत्राकडे पाठवून तपासला जातो. ह्याउलट जर्मनीतील डॅनियल नाबर ह्यांनी २००३ साली आपल्या प्रबंधाकरिता रचलेला ‘लँग्वेजटूल’ हा नियमांवर उभारलेला व खुला. त्याचे मूळ नियम कोणासही वाचता येतात, आणि जाणत्यास त्यांत भरही घालता येते. अगदी अलीकडे, विशेषतः २०२२ च्या अखेरीपासून, रेघ न ओढता सबंध परिच्छेदच नव्याने लिहून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे इंग्रजी बहुधा निर्दोष असते. पण मूळ लेखकाचे त्यात काय उरले, हे पाहण्याची तसदी फार थोडे घेतात.

विद्वानांच्या ह्या क्षेत्रातील दोन निष्कर्ष सामान्य ग्राहकानेही जाणून घ्यावे असे आहेत. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील मंडळींच्या पुढाकाराने २०१४ साली अशा प्रणालींची एक चढाओढ झाली. तीत गुण देताना असे ठरले की, सर्व चुका पकडण्यापेक्षा पकडलेली चूक खरोखर चूक असणे ह्यास अधिक वजन द्यावे. कारण उघड आहे : एखादी चूक राहिली तर लेखन तेवढे सदोष राहते, पण शुद्धास अशुद्ध म्हटले तर शिकणाराचा आत्मविश्वास जातो, आणि खरे ज्ञानही जाते. दुसरा निष्कर्ष पुढल्याच वर्षीचा. तेच विद्यार्थ्यांचे निबंध १० जाणकारांकडून स्वतंत्रपणे तपासवून घेतले, तेव्हा त्यांच्या दुरुस्त्या एकमेकांशी जुळेनात. एकाचे काम इतरांच्या कसोटीस लावले असता १०० पैकी सुमारे ७३ गुणच मिळत. जेथे दहा शिक्षकांचे एकमत नाही, तेथे शंभर टक्के शुद्धतेची हमी देणारी जाहिरात किती मोलाची, हे वाचकांनीच ठरवावे.

मराठीपुरते बोलावयाचे तर आपला तपासनीस अजून मुख्यतः पहारेकऱ्याच्याच अवस्थेत आहे. आपली अडचण इंग्रजीहून निराळी. ‘घर’ ह्या एका शब्दापासून घरात, घरातला, घरातल्यांनी, घरापुढच्यांनासुद्धा अशी कितीतरी रूपे होतात. सगळी यादीत घालू म्हटल्यास यादीस अंत नाही. अशाच प्रत्ययबहुल हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ ह्यांनी ‘हन्स्पेल’ ही प्रणाली केली. तीत मूळ शब्द आणि प्रत्यय लावण्याचे नियम वेगळे ठेवतात. तीच रीत वापरून स्वयंसेवकांनी मराठीच्याही शब्दसूची केल्या आहेत, आणि त्या फायरफॉक्स, लिब्रेऑफिस ह्यांसारख्या खुल्या प्रोग्रामांत चालतात. परंतु येथेही प्रमाण कोणते, हा प्रश्न सुटत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. आजच्या सूचीपुढे आगरकरांचे एखादे पान मूळ छापाप्रमाणे ठेवले, तर ‘नांव’, ‘आतां’, ‘त्यानें’, ‘कवि’ हे सारे शब्द तांबडे होतील. आगरकर अशुद्ध लिहीत होते काय? ते आपल्या काळच्या शुद्धाप्रमाणे लिहीत होते. बदलला तो नियम. यंत्राजवळ नियम असतो, पण त्या नियमाचे साल नसते.

ह्या सर्व इतिहासावरून निवडीची चार तत्त्वे निघतात, असे आम्हांस वाटते. पहिले, तपासनिसाने रेघेबरोबर कारणही सांगितले पाहिजे. कारण सांगणारा शिक्षक असतो. न सांगणारा नुसता शिपाई. दुसरे, त्याचे नियम एकेक करून बंद करता आले पाहिजेत, आणि कोणत्या देशाचे इंग्रजी प्रमाण धरावयाचे हे आपणांस ठरविता आले पाहिजे. नाहीतर ‘लाख’ व ‘कोटी’ लिहिणारा प्रत्येक भारतीय त्याच्या दृष्टीने अपराधीच. तिसरे, आपला मजकूर घराबाहेर जातो की नाही, हे नीट विचारून घ्यावे. शाळेचा निबंध गेला तर फारसे बिघडत नाही. परंतु मृत्युपत्र, औषधोपचाराचे कागद, वकिलाशी झालेला पत्रव्यवहार हे ज्यास दाखवावयाचे त्यासच दाखवावे. २०१८ साली गूगलच्या एका सुरक्षासंशोधकास ग्रामर्लीच्या ब्राउझरमधील जोडणीत असा दोष आढळला की, त्यामुळे इतर संकेतस्थळांस वापरणाराच्या कागदांपर्यंत पोचता आले असते. संस्थेने तो तत्परतेने दुरुस्त केला, हे खरे. पण जो कागद बाहेर गेलाच नाही, त्यास असा धोका नव्हता, हेही खरे.

चौथे तत्त्व सर्वांत सोपे, आणि बहुतेक कोणी न आचरलेले. विकत घेण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. एखाद्या मान्यवर लेखकाचे एक निर्दोष पान त्यापुढे ठेवावे, आणि तेथे तो किती रेघा ओढतो ते मोजावे. मग दुसऱ्या पानात दहा चुका आपण होऊन पेराव्या, आणि त्यांतील किती त्यास सापडतात ते पाहावे. अर्ध्या तासाच्या ह्या कसोटीने जे कळेल, ते कोणत्याही जाहिरातीने कळणार नाही.

परंतु ह्या चारही तत्त्वांस अर्थ केव्हा? निवडणाराजवळ स्वतःचे थोडेबहुत व्याकरण असेल तेव्हा. ज्यास भाषेचे ज्ञान आहे, त्याचे हे यंत्र उत्तम सेवक आहे. थकल्या डोळ्यांस निसटलेली चूक ते विश्वासूपणे दाखविते. ज्यास ते ज्ञान नाही, त्याच्यावर मात्र ते धनीपणा करते. आणि तो धनीपणा प्रयोगशाळेच्या टिपणांचा, नौदलाच्या पुस्तिकांचा, कोण्या प्रकाशनसंस्थेच्या आवडीनिवडीचा असतो. ज्या घरात मुलांनी पुढे इंग्रजीत आपले पोट व मराठीत आपले मन सांभाळावे अशी इच्छा आहे, त्या घराने चांगला तपासनीस अवश्य घ्यावा. पण त्याच्या शेजारी दोन्ही भाषांची व्याकरणाची दोन जुनी पुस्तकेही ठेवावी, आणि रेघ उमटली की ती पुसण्यापूर्वी मुलास एवढेच विचारावे : ही चूक का आहे, सांग पाहू?